पाठीवरची माती

"बुधवारी रात्री आपला गोरख टेम्पो घिऊन राहुरीहून बोर्ड आनायला गेल्ता," अशी नानांनी सुरुवात केली, तेव्हा आमच्यापैकी कोणीच घाबरायच्या तयारीत नव्हतं. बोर्ड आणणं हे काही भुताच्या गोष्टीतलं काम वाटत नाही.

शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी माघी पुनवेची गावची जत्रा. लाइट गेलेली. आम्ही ओट्यावर मोबाईलचा उजेड लावून स्मरणिकेच्या तीनशे प्रतींना पिना मारत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी मुलगी धनश्री आणि नानांचा नातू ओंकार. नाना माझे धाकटे चुलते, वय चौऱ्याहत्तर. ते पिना मारत नव्हते. आमच्या पिना वाकड्या जातायत का, हे ते पलीकडच्या बाजेवर बसून अंधारातनं बघत होते.

स्मरणिका पैलवानबाबांवर होती. पैलवानबाबा म्हणजे माझे आजोबा, नानांचे वडील, अमृता पैलवान. घरची बारा एकर काळी जमीन कसणारा माणूस, पण सुगी आटपली की गावोगावच्या जत्रा मारायचा. देवळापुढचा दगडी गोटा खांद्यावर घेऊन पाच पायऱ्या चढायचा. हुतुतूला उतरला तर एका दमात चार गडी बाद करून यायचा. नांगर सोडल्यावर भरल्या विहिरीत मोटेच्या धावेवरनं सूर मारायचा. आणि कुस्ती तर विचारूच नका. मी संगमनेरला कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे घरातल्या लग्नपत्रिका, दशक्रियेचे निरोप आणि वाढदिवसाचे फ्लेक्स ही खाती माझ्याकडे आपोआप आलेली आहेत. स्मरणिकाही आली. बारा पानं भरायची होती. गोटा दोन मणाचा होता, तो मी सव्वादोन मणाचा केला. पाव मण माझ्यातर्फे.

बोर्डावरचं वाक्यही माझंच. 'ज्यांच्या पाठीला आखाड्याची माती कधी लागली नाही.' हे सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की वर्गात उशिरा आलेल्या दोन मुलांना बसू दिलं.

तर तो बोर्ड. सकाळी दहाला आखाड्यावर त्याचं अनावरण होतं, आणि त्यानंतर ओंकार पहिला नारळ फोडणार होता. सत्तावन्न सालच्या जत्रेत बाबांनी शेवटची कुस्ती मारली, तेव्हापासून आखाड्याचा पहिला नारळ आमच्या घरानं फोडायचा, असा मान आहे. यंदा ओंकारची पाळी. तो नगरला तालमीत असतो. चार दिवस झाले, नारळ एका फटक्यात फुटावा म्हणून परसात दगडावर सराव करत होता. घरात रोज खोबऱ्याची चटणी.

"मग? बोर्डाचं काय झालं, नाना?" धनश्रीनं विचारलं.

"बोर्डाचं काय न्हाई झालं. गोरखचं झालं."

ओंकारनं माझ्याकडे बघून डोळा मारला. नानांच्या ओळखीच्या माणसांना आजवर काय काय दिसलंय, याची यादी केली तर स्मरणिकेची आणखी बारा पानं भरतील. कुणाला चकवा लागला, कुणाच्या सायकलवर मागं कोण येऊन बसलं. स्वतः नानांना मात्र आयुष्यात एकदाही काही दिसलेलं नाही. सगळं ओळखीच्यांनाच.

"गोरख साडेनवाला राहुरीत पोचला," नाना म्हणाले. "पन दुकानात कुना पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे चाळीस फ्लेक्स चालले हुते. आपला लंबर लागला साडेधाला. लोखंडी चौकट, त्यावर फ्लेक्स, मागं बांधून घेतला. अकराला राहुरी सोडली. डांबरी सोडून कालव्याच्या रस्त्याला लागला तवा टेम्पोतल्या घड्याळात अकरा चाळीस."

"त्याचं घड्याळ बंदय, नाना," ओंकार म्हणाला.

"मग मोबाईलात आसंल. तू पिना मार."

"एकटाच होता गोरखदादा?" धनश्री.

"एक जन हुता संगं. बोर्ड उतरवायला."

"कोण?"

"हुता एक." नानांनी तंबाखूची पिशवी काढली, उघडली, परत बांधली. "चांदनं टिपूर. उसाच्या ट्रॉल्या मोठ्या रस्त्यानं जात्यात, कालव्याला कोन न्हाई. पान्याचं आवर्तन सुटल्यालं. कालवा काठोकाठ. गोरखनं गानी बंद केली, म्हनला झोप येतीय गान्यानं. आवाज म्हंजे पान्याचा आन् विंजनचा. दुसऱ्या मोरीपाशी आले... तर कडंला मानूस उबा."

"रात्रीचे पाणी धरायला असतात की लोक," मी म्हटलं. मला वाटलं आपण थोडी मदत करावी.

"आसत्यात. पन पानी धरनारा फेब्रुवारीच्या थंडीत उघडा न्हाई उबा ऱ्हात, बाई."

आता धनश्री सरकून माझ्या जवळ आली. मी तिला धीर द्यायला तिचा हात धरला. नंतर तिनं सांगितलं की मी तिला नखं रुतवली होती.

"पाठमोरा हुता," नाना म्हणाले. "खाली लंगूट. बाकी काय न्हाई. म्हातारा हुता ते मानंवरनं कळत हुतं, पन पाठ... दार लावल्यागत रुंद. आन् त्या पाठीवर माती. लाल. खांद्यापासनं कमरंपतुर."

"लाल?" ओंकार म्हणाला. आमच्या अख्ख्या शिवारात लाल माती नाही. जत्रेसाठी आखाड्यात टाकायची तीसुद्धा ट्रॅक्टरनं बाहेरनं येते, तीही जत्रेच्या दिवशी सकाळी.

"लाल. गोरखनं गाडी हळू केली. त्याला वाटलं कोन मोटरसायकलीवरनं पडलंय. काच खाली केली, इचारलं, काय झालं, बाबा? तर त्यो मानूस काय म्हनला म्हाईत हाय?"

धनश्रीनं नाही म्हणून मान हलवली.

"म्हनला, जरा पाठ झाडता का? माजा हात पोचंना."

नाना इतक्या साध्या आवाजात बोलले, की कोणी पाणी मागावं तसं वाटलं.

"कुस्ती हरलेला असणार," ओंकार म्हणाला. "आपल्याकडं जिंकणारा झाडतो ना हरणाऱ्याची पाठ."

ही आमच्या आखाड्याची रीत. ज्यानं पाडलं त्यानंच, आपल्या हातानं, पडलेल्याच्या पाठीची माती झाडायची आणि मग दोघांनी गळाभेट घ्यायची. त्याशिवाय कुस्ती मिटली असं धरत नाहीत. स्मरणिकेत सातव्या पानावर मी ते लिहिलं होतं, 'खिलाडूवृत्तीचा लाल मातीतला संस्कार' वगैरे.

नानांनी ओंकारकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गोरख उतरला," ते म्हणाले. "भला मानूस. बायकूला भितो, बाकी कुनाला न्हाई. म्हाताऱ्याच्या मागं गेला. हातानं झाडली. माती पडली. परत झाडली. परत पडली. माती वाळल्याली न्हवती... ताजी. ताकाचा वास. हळदीचा वास. आखाड्याची माती कशी मळलेली आसती, तशी."

"मग?"

"म्हाताऱ्यानं इचारलं, निगाली का? गोरख म्हनला, निगतीय, बाबा. आजून झाडली. आजून पडली. पायाशी ढीग झाला. म्हाताऱ्यानं इचारलं... निगाली का? निगतीय, बाबा."

पिनांचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही.

"मग गोरखच्या ध्यानात आलं. हात आत चाललाय. बोटं गेली. पंजा गेला. मनगाट..."

नानांनी आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरलं.

"माती. आन् माती. पाठ लागंचना."

मोबाईलचा उजेड गेला. बॅटरी संपली होती बहुतेक. चांदणं ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलेलं होतं, वर अंधारच.

"गोरखला हात काढायचं सुचंना. वरडायचं सुचंना. म्हातारा आपला शांत. म्हनला... तुजा हात न्हाई रं त्यो. तुज्यानं न्हाई व्हायाचं. गाडीत कोन बसलंय?"

"मग?" ओंकारनं विचारलं.

"गोरख म्हनला, कोन न्हाई."

"का खोटं बोलला?" धनश्री कुजबुजली.

"संगतीच्या मानसाला वाचवायला. भला मानूस, म्हनलं ना. म्हातारा रागावला न्हाई. म्हनला, हाय. मला म्हाईत हाय. त्यानं बगितलंय. समद्या गावात त्यानं येकट्यानं बगितलंय. पुडंच बसला हुता."

नानांची बाज करकरली.

"मग हाक मारली. जोरात न्हाई. घरात मारत्यात तशी. म्हनला... कल्या."



मला ते कळायला दोन श्वास लागले असतील. नानांचं नाव कल्याण आहे. पण त्यांना नाना सोडून दुसऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी राहिलेलं नाही. माझे वडील, त्यांचे थोरले भाऊ, त्यांना कल्याण म्हणायचे. तेही जाऊन अकरा वर्षं झाली. कल्या म्हणणारा माणूस घरात एकच होता. त्याचा फोटो सकाळी हार घालायला आम्ही पुसून ठेवला होता.

"नाना," मी म्हटलं. "गाडीत तुम्ही होता?"

त्यांनी मान हलवली. हो का नाही ते अंधारात दिसलं नाही.

"मग तुम्ही... काय केलंत?"

"काच वर केली," नाना म्हणाले.

 आत घड्याळ चालू होतं.

"बापानं हाक मारली आन् म्या काच वर केली, पंके. हँडल फिरवून फिरवून. गोरख हात उपसून पळत आला, गाडी काडली. मोरी वलांडली. आता पुडं गेल्यावर मागं बगितलं तर मानसाचं तोंड दिसाया पायजे का न्हाई? म्या आरशात बगितलं... पाठच. गाव येईस्तवर पाठच."

"काय बघितलं होतं तुम्ही?" हे ओंकारनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. "ते म्हणाले ना, यानं बघितलंय. काय?"

चांदणं आता ओट्यावर चढून बाजेपर्यंत आलं होतं. नाना बोलले ते गोष्ट सांगितल्यासारखं नाही, शाळेत मास्तरांपुढं उभं राहून बोलतात तसं, हात मांडीवर ठेवून.

"सत्तावन्न साल. मी सात वर्सांचा. शेवटची कुस्ती. बापाची जोड लागंना. समदे भित्यात. तवा ऊसतोडीच्या टोळीतला एक गडी उटला. पाथर्डीकडला. बजरंग. दिसभर ऊस तोडून आल्याला. अंगावर पाचट कापल्याचे वरखाडे. लोक हसले. पन हात वर केला त्यानं, म्हनला मी धरतो. दिस बुडाला हुता. ग्यासबत्ती हुती एक, तिची जाळी फुटली. दुसरी पेटवायला मानूस गेला. ह्ये दोगं अंधारात झटत्यात. माज्या म्होरं आले, अगदी म्होरं, बापाच्या घामाचं पानी माज्या तोंडावर आलं. आन् बजरंगानं उचलून टाकला. चारी मुंड्या चीत. दोनी खांदं टेकल्यालं म्या बगितलं. वीतभर लांबनं."

"बाबा पडले," धनश्री म्हणाली.

"पडला. बजरंगानं लगीच सोडलं. उटवायला हात दिला. आन् माज्या बापानं... त्यो हात धरला आन् त्याला खाली वडला. वर बसला. तेवड्यात ग्यासबत्ती आली. गावानं काय बगितलं? अमृता वर, बजरंग खाली. हलगी सुरू. गुलाल."

"पंचांना कोणी सांगितलं नाही?"

"कोन सांगनार? बजरंग बोलला न्हाई. म्या सात वर्सांचा. मग रीत. जिंकनाऱ्यानं पाठ झाडायची. बाप बजरंगाच्या मागं गेला. आन् बजरंगाच्या पाठीला मातीच न्हवती. कूस तेवडी मळल्याली, पाठ कोरी. घामानं चकचकीत. समद्या गावादेखत माज्या बापानं त्या कोऱ्या पाठीवरनं हात फिरवला. झाडल्यागत. दोनदा. तीनदा."

नानांनी हवेत हात तसा फिरवला. मला ते बघवलं नाही. मी स्मरणिकेकडे बघितलं, तर मुखपृष्ठावर बाबांचा फोटो. सगळीकडं बाबाच.

"बजरंग वळला. हळूच म्हनला, मला ऐकू आलं. म्हनला, पैलवान, तुमची ऱ्हायली. आन् हात पुडं केला, झाडायला. बाप मागं सरला. पंचाच्या हातातला फेटा घेतला, पाठीवर पांघरला. घरी आल्यावर न्हानीत पानी म्या वतलं. लाल पानी वाहत हुतं, पंके. थांबत न्हवतं. बाप म्हनला, कुनाला सांगू नको, कल्या. म्या न्हाई सांगितलं. त्या दिसापासनं बापानं लंगूट लावला न्हाई. गोटा उचलला न्हाई. विहिरीत पवला न्हाई. उन्हाळ्यात बी अंगात बंडी. मरस्तवर आयला पाठ चोळू दिली न्हाई. लोक म्हनत्यात, कवा हरला न्हाई, मान ठिवून आखाडा सोडला. तू बी तेच लिवलं."

"मी तुम्हाला विचारलं होतं, नाना. आजोबा कधी हरले का, म्हणून. फोन करून विचारलं होतं."

"व्हय."

"तुम्ही म्हणालात, लिही."

"व्हय. लिही म्हनलो."

आता इथं मला काय वाटलं ते सांगायला हवं, म्हणजे निदान एक गोष्ट तरी मी सव्वादोन मणाची न करता सांगितली असं होईल. मला पहिल्यांदा बाबांचं वाईट वाटलं नाही, बजरंगाचंही नाही. मला वाटलं, तीनशे प्रती. मला वाटलं, सरपंच, पाहुणे, बायका फेटे बांधून येणार. मी म्हटलं, "नाना, स्मरणिका नका वाटू हवं तर. पण बोर्ड राहू दे. बोर्ड कोण एवढा वाचतंय?"

धनश्री फक्त म्हणाली, "आई."

एवढंच. सोळा वर्षांची आहे. मला वर्गात अठरा वर्षांत कोणी इतक्या कमी शब्दांत गप्प केलं नव्हतं.

ओंकार उठून अंगणात गेला. चांदण्यात पाठमोरा उभा राहिला आणि आम्हा तिघांच्याही एकदम लक्षात आलं की त्याची पाठ कशी आहे. दार लावल्यासारखी. त्यालाही ते बहुतेक कळलं. वळून परत ओट्यावर आला.

"नारळ मी फोडत नाही," तो म्हणाला. "कोणाला द्यायचा ते सांगा. बजरंगाचं कोणी असेल का आता? कुठं शोधायचं?"

"शोधायचं न्हाई," नाना म्हणाले. "आपल्याच मळ्यात हाय. बायडाबाई."

बायडाबाईला आम्ही सगळे ओळखतो. ऊसतोडीची टोळी दर साली आमच्या मळ्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून राहते. बायडाबाई त्यातलीच, आता साठीच्या पुढची. कोयता सुनेच्या हातात गेलाय, ती नातवंडं सांभाळते आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधते. मी आले की मला म्हणते, 'मास्तरीनबाई, तुमी जाड झालाव.' ती बजरंगाची मुलगी?

"तीस वर्सं येतीय," नाना म्हणाले. "पैल्याच साली बापाचं नाव सांगितलं तिनं, तवाच कळलं. तीस वर्सं मी तिला च्या पाजतोय. साकर जास्त टाकाया लावतो. बोललो न्हाई. यंदा बोलू, म्हनायचो. मग कारखान्याचा पट्टा पडायचा, हंगाम सरायचा, टोळी जायाची. बरं वाटायचं गेली की. खरं सांगतो, बरं वाटायचं."

"सकाळी जाऊ," ओंकार म्हणाला.

"आत्ताच जाऊ या का?" धनश्री.

मळा कालव्यापलीकडं. दुसऱ्या मोरीवरनं जायचं.  सकाळी जाऊ असंच ठरलं. आम्ही चौघं एका खोलीत झोपलो, आणि मी, वय वर्षं चव्वेचाळीस, मधे झोपले.

पहाटे सहाला निघालो. नानांनी स्वच्छ सदरा घातला होता. हातात सोललेला नारळ, आखाड्याचा, हळद-कुंकू लावलेला. वाटेत ते पुटपुटत होते. काय बोलायचं ते घोकत होते बहुतेक. दुसऱ्या मोरीवर ते थांबले. तिथं काहीच नव्हतं. पाणी तेवढं वाहत होतं. नानांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि मोरी अनवाणी ओलांडली.

टोळीतले लोक अंधारातच तोडीला गेलेले. कोप्यांपुढं बायडाबाई एकटीच चुलीशी होती. आम्हाला चौघांना बघून उभी राहिली, पदर सारखा केला.

"या, नाना. जत्रा सोडून हिकडं कुनीकडं? आन् राती कुनाला धाडलं व्हतं वं?"

"कोनाला?" नाना म्हणाले.

"त्यो म्हातारा. लई म्हातारा व्हता. उगडा. मला वाटलं तुमचाच कुनी पाव्हना, जत्रंला आल्याला, वाट चुकला. नातू रडाय लागला म्हून मी उटले व्हते, तर हितं उबा. पाठमोरा. म्हनला, जरा पाठ झाडतीस का, बाय, माजा हात पोचंना."

 ओंकारनं नानांचा कोपर धरला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? झाडली. म्हाताऱ्या मानसाला न्हाई कसं म्हनावं? लई माती व्हती. तीनदा हात मारला, साफ झाली. पाठ थंड पडली व्हती बिचाऱ्याची. म्हनलं, बसा, पानी देते. आत गेले तांब्या आनाया. आले तर न्हाई. बरं, नाना, कोन व्हता त्यो?"

 नानांचं घोकलेलं सगळं गेलं असावं.

"आमच्या आदी आला," ते आम्हाला म्हणाले, तिला नाही. "बापाला सोता यावं लागलं."

मग त्यांनी तो नारळ बायडाबाईच्या हातात दिला. प्रसाद समजून तिनं कपाळाला लावला.

"परसाद न्हाई, बायडा. आखाड्याचा नारळ हाय. आज पैला नारळ तुमच्या घरानं फोडायचा. सत्तावन्न सालची कुस्ती तुज्या बापानं मारली हुती. आमच्या बापानं न्हाई. म्या बगितलं हुतं. म्या... सांगितलं न्हाई."

बायडाबाईनं नारळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. थट्टा चाललीय का ते बघत होती.

"माजा बाप," ती म्हणाली, "कुस्ती खेळायचा?"

 बोलायचा पगार मीच घेते. मी मान खाली घातली. ओंकारनं ती माझ्या आधीच घातली होती. पण तो लाजून खाली बघत नव्हता. तो चुलीच्या पलीकडं, कोपीच्या दारासमोर, जमिनीकडं बघत होता.

काळं रान. पाचट, राख, वाढ्याचे तुकडे. आणि मधे लाल माती. ढीग नव्हता. पुरुषभर लांब, सारखी पसरलेली, ओली, ताजी. ताकाचा वास येत होता. पाऊल तिच्यावर एकही नव्हतं, कुत्र्याचंसुद्धा नाही.

ओंकार उकिडवा बसला. हात लावला नाही. तालमीतल्या पोराला जे एका नजरेत कळतं ते आम्हाला कळावं म्हणून त्यानं बोट नुसतं वरनं फिरवलं. इथं मान. इथं कंबर. मातीत एक रुंद पाठ उमटलेली होती, कोणीतरी स्वतःहून, सावकाश, त्या दाराकडं डोकं करून उताणं झोपावं तशी.

"दोन्ही खांदे टेकलेत," ओंकार म्हणाला.